पाऊलवाट आणि परवाना

मूर्तिजापूर हे रानाचे गाव नव्हे. चहूकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा, बांधावरच्या बाभळी आणि खारट पाण्याच्या विहिरी. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला 'खारपाणपट्टा' म्हणतात तो आमच्या पायांखालून जातो. इथल्या माणसाला डोंगर पाहायचा तर प्रवास करावा लागतो. असे असूनही वऱ्हाडात हौसेने रान तुडवणाऱ्यांचा इतिहास लिहायचा झाला, तर तो मूर्तिजापूरच्या फलाटावरून सुरू करावा असे आम्हांस वाटते. भुसावळ-नागपूर या मोठ्या लोहमार्गावरील या स्थानकातून दोन अरुंद रूळ दोन दिशांना फुटत. एक उत्तरेला अचलपूरकडे, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरा दक्षिणेला कारंज्यावरून यवतमाळकडे. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीवर इतके हळवे लेखन झाले आहे की त्यात आणखी भर घालण्याची आमची इच्छा नाही. मात्र एक गोष्ट नमूद करावी लागेल. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने हे मार्ग कापसासाठी घातले, आणि त्यांनी आमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे ना मोटार ना बंदूक अशांना, जंगलाच्या दाराशी नेऊन सोडले.

अचलपूरपर्यंतचे शहात्तर-सत्त्याहत्तर किलोमीटर कापायला ही गाडी चारेक तास घेई. दर्यापूर गेले की अंजनगावच्या आसपास सातपुड्याची निळी कड दिसू लागे. अंजनगाव-सुर्जी म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्यास ३० डिसेंबर १८०३ चा शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह आठवावा. आम्हांस पानमळे आणि पानपिंपरी आठवते. मग पथ्रोट, मग अचलपूर. तिथून परतवाडा, आणि परतवाड्यातून घाट.

आमच्या मंडळाला नाव नव्हते, घटना नव्हती, पावतीपुस्तकही नव्हते. दोन शिक्षक, एक कापडदुकानदार, एक टपाल खात्यातील गृहस्थ आणि बदलत राहणारी चार-पाच महाविद्यालयीन मुले, एवढाच संसार. पाठीवर पिशवी लावून घाट चढणारे आम्ही लोक वाटेतल्या शेतकऱ्यांना कायम कोड्यात टाकीत असू. ''कायले जाता बावा तिकडं पायी? काय ठेवलं हाये?'' हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की आता तो आम्हांस या विषयातील मूलभूत प्रश्न वाटतो. पोटासाठी, देवासाठी, लग्नकार्यासाठी चालणे वऱ्हाडाला ठाऊक आहे. चालण्यासाठी चालणे मात्र ही उसनी कल्पना आहे, आणि ती उसनी आहे हे मान्य करूनच पुढे लिहिले पाहिजे.

कारण या भागातील खरे चालणारे निराळेच होते. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ साली अंजनगाव-सुर्जीजवळच्या शेंडगावचा. पण ते वाढले मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला, मामाच्या घरी. गुरे राखीत, शेतात राबत. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढे अर्धशतकभर ते चालतच राहिले, हातात खराटा आणि गाडगे घेऊन. ज्या गावी जायचे ते गाव आधी झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. चालून गेलेल्या ठिकाणाचे आपण काही देणे लागतो, ही गोष्ट आमच्या मुलखाला त्यांच्याइतकी स्पष्टपणे कोणी दाखविली नाही. बाबांच्या सहवासात काही काळ राहिलेला एक तरुण पुढे महाराष्ट्राचा सर्वांत प्रसिद्ध दुर्गयात्री झाला, हा योगायोग आम्हांस फार मोलाचा वाटतो. गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, आणि तो परतवाड्याचा. तेराव्या वर्षी त्यांनी घर सोडले. पुढे त्यांनी सह्याद्रीचे किल्ले मराठी वाचकाच्या घराघरांत पोहोचविले आणि महाराष्ट्रातील तरुणांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या बोटाला धरून गड चढल्या. गाविलगड आणि नरनाळा मात्र, वऱ्हाडचे असूनही, त्या प्रेमाला बहुतांशी पारखे राहिले. शिवकालाचा उजेड त्यांच्यावर पडला नाही, हे एक कारण. दुसरे असे की पुण्या-मुंबईहून ते लांब आहेत. असो.

गाविलगडाची एक हकिगत मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली या किल्ल्यावर चालून आला तेव्हा खरा मारा उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने करायचा ठरले. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने जड तोफा डोंगरदऱ्यांतून, स्वतः रस्ता खोदीत, माणसांच्या खांद्या-हातांनी ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेले हे लोक १२ तारखेला किल्ल्यासमोर पोहोचले आणि १५ तारखेला गाविलगड पडला. चिखलदऱ्यावरून किल्ल्याकडे पाहताना आमच्यातील मुले नेहमी विचारीत, की हे शक्य कसे झाले? उत्तर असे की वाट दाखविणारे कोणीतरी असणारच. गॅझेटियरमध्ये आणि युद्धवृत्तांतांत त्या वाटाड्यांची नावे नाहीत. मेळघाटात आजवर जो कोणी गेला, मग तो सेनापती असो, साहेब शिकारी असो, वनाधिकारी असो की आमच्यासारखा हौशी भटक्या, तो कोणातरी कोरकू माणसाच्या मागून गेला. या निबंधाचा खरा विषय तिथे आहे. आम्ही मात्र त्याच्यापाशी बऱ्याच वर्षांनी पोहोचलो.

हौशी चालणाऱ्यांनी संरक्षक बनावे ही गोष्ट जगात अन्यत्र आधीच घडून गेली होती. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ १९३१ च्या ईस्टरला पायी भटकणाऱ्यांची एक टोळी ग्रोस नदीच्या खोऱ्यात उतरली. तिथे उंच निळ्या निलगिरीच्या राईत त्यांना एक माणूस भेटला. जमीन त्याच्या पट्ट्याची होती आणि झाडे तोडून तिथे अक्रोड लावण्याचा त्याचा बेत होता. भटक्यांनी वाटाघाटी केल्या, मंदीच्या दिवसांत वर्गण्या जमविल्या, आणि १९३२ साली १३० पौंड देऊन तो पट्टा सोडवून घेतला. 'ब्लू गम फॉरेस्ट' अजून उभे आहे. ही गोष्ट आमच्या मंडळात वारंवार सांगितली जाई, आणि दरवेळी आमची छाती थोडी फुगे. तिच्यातील एक तपशील आमच्या ध्यानात फार उशिरा आला. त्या राईत त्या वेळी एकच पट्टेदार होता आणि त्याला पैसे देऊन वाटेला लावता आले. ज्या मूळ रहिवाशांचे ते खोरे त्याच्याही आधी होते, त्यांचा हिशेब त्या वाटाघाटीत कोणी धरलाच नव्हता.

महाराष्ट्रात या हौसेला संघटित रूप आले ते मुंबईत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची, 'गिरिविहार' १९५४ ची. वऱ्हाडात ही लाट यायला व्याघ्रप्रकल्प यावा लागला. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले गेले, त्यांत मेळघाट होता. त्यानंतर अमरावती, अकोला, परतवाडा या गावांतून पक्षी पाहणारे, साप पकडून सोडणारे, छायाचित्रे काढणारे अशांचे गट उभे राहू लागले. अमरावतीची 'नेचर कन्झर्व्हेशन सोसायटी' हा त्यांतील सर्वांत ठळक. तिचे किशोर रिठे पुढे राष्ट्रीय वन्यजीव मंडळावर गेले आणि नंतर बीएनएचएसचे संचालकही झाले. याच सुमारास मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत मेळघाटात होते. आमच्यापैकी अनेकांना जंगलात नुसते पाहायचे नसते, नावे घ्यायची असतात, हे त्यांच्या पुस्तकांनी शिकविले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आमच्यातील टपाल खात्याच्या गृहस्थांनी त्यांचा पक्षिकोश काढून नुसता टेबलावर ठेवला. बोलण्यासारखे काही नव्हते.

कार्यक्रम काय असत? हिवाळ्यात पक्षीगणना, पावसाळ्यात वृक्षांची ओळख, उन्हाळ्यात पाणवठे साफ करणे आणि वणव्याच्या पट्ट्या जाळायला मदत. आणि बुद्धपौर्णिमेला मचाण. पूर्ण चंद्राच्या रात्री पाणवठ्याकाठी चोवीस तास मचाणावर बसून येणारे प्रत्येक जनावर टिपायचे. शास्त्र म्हणून या गणनेची किंमत बेताचीच होती, आणि पुढे वनखात्यानेच तिला 'निसर्गानुभव' हे अधिक प्रामाणिक नाव दिले. वाघांची मोजणीदेखील तेव्हा पायांच्या ठशांवरून होई. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत वाघांचा आकडा १८२७ आला होता तो याच रीतीने. सारिस्क्यातील वाघ कागदावर जिवंत आणि रानात नाहीसे झाल्याचे उघडकीस आल्यावर ही पद्धत मोडीत निघाली. २००६ च्या नव्या अंदाजात देशभरात १४११ वाघ उरले. आम्ही गिरवलेल्या ठशांपैकी किती ठसे एकाच वाघाचे होते कोण जाणे. पण ठसा ओळखणारा मनुष्य आमच्यात एकही नव्हता, हे आम्ही जाणतो. ठसा दाखवी वनमजूर, आणि आम्ही तो गिरवीत असू.

रानपिंगळ्याची कथा अशीच. ब्लेविट या साहेबाने १८७२ साली पहिला नमुना मिळविला, १८८४ नंतर हा पक्षी पुन्हा कोणा अभ्यासकास खात्रीने आढळला नाही. मधे मेनर्त्झहागेन नामक गृहस्थाने १९१४ चा म्हणून जो नमुना दाखविला तो संग्रहालयातून चोरलेला निघाला. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा शोधून काढला. मागाहून मेळघाटातही तो चांगल्या संख्येने आढळला. एकशे तेरा वर्षे 'हरवलेला' हा पक्षी दिवसाढवळ्या वावरणारा, उघड्या सागवानी रानात राहणारा. सातपुड्यातील माणसांच्या दृष्टीने तो कधी हरवला होता का, हे विचारण्याचे आम्हांस तेव्हा सुचले नाही.

आता वादाकडे वळू. १९८५ साली मेळघाट अभयारण्य सुमारे १५९७ चौरस किलोमीटरचे घोषित झाले होते. १९८७ त त्यातून ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान कोरले गेले. १९९४ साली शासनाने नव्याने अधिसूचना काढली तेव्हा संरक्षित क्षेत्र ११५० च्या घरात आले. निसर्गप्रेमींच्या दृष्टीने हा सरळ सरळ घास काढून घेण्याचा प्रकार होता, आणि आम्हीही त्या वेळी सह्या गोळा केल्या. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ त, मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. एकाच डोंगरासंबंधी या दोन बातम्या आमच्या घरी एकाच वर्तमानपत्रातून आल्या; आम्ही त्यांतील एकच कापून ठेवली. डॉ. रवींद्र कोल्हे धारणीहून बैरागडपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर पायी जात असत ती हकिगत पुढे सर्वांस कळली. त्यांच्या चालण्याकडे आम्ही 'ट्रेक' म्हणून पाहिले नाही. पण त्याच रानातून ते आमच्याहून अधिक चालले होते.

पुढे पुनर्वसन आले. बोरी, कोहा, कुंड ही गावे २००१ ते २००३ या काळात बाहेर काढली गेली आणि नंतर अकोटच्या बाजूची अनेक. गाव उठले की पडीक शेतांवर गवत वाढते, चितळ-सांबर येतात, त्यांच्यामागे वाघ येतो. हे खरे आहे, आणि ते पाहून आमचे डोळे निवले हेही खरे. पण २०१९ च्या जानेवारीत केलपाणी परिसरात स्थलांतरित कोरकू कुटुंबे, कबूल केलेल्या गोष्टी मिळाल्या नाहीत म्हणून, आपल्या जुन्या गावठाणांवर परतली, आणि वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांची झटापट होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्या आठवड्यातील आमची बैठक फार वाईट गेली. कापडदुकानदाराचे म्हणणे, कायदा मोडला तो मोडला. शिक्षकांपैकी एकाने विचारले, आपले घर उठवून कोणी तिथे हरणे सोडली असती तर? उत्तर मिळाले नाही. त्यानंतर काही महिने बैठकच झाली नाही.

रेल्वेच्या बाबतीत आमची अडचण अधिक हास्यास्पद होती. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग मेळघाटाच्या पोटातून जाई; धूळघाटाला रूळ स्वतःभोवती वळसा घेऊन डोंगर चढत, ते पाहायला आम्ही मुद्दाम खिडकी धरून बसत असू. २०१७ च्या आरंभी तो मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. रुंद रूळ आणि वेगवान गाड्या व्याघ्रप्रकल्पातील जवळजवळ चाळीस किलोमीटरमधून नेऊ नयेत, असा आग्रह वन्यजीव संस्थांनी धरला. २०२० साली तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीही रेल्वेमंत्र्यांना तसे पत्र लिहिले. आणि पुढे सोनाळा-जामोदच्या बाजूने वळसा घालणाऱ्या मार्गाचा विचार पक्का झाला. निर्णय योग्यच, असे आमचे मत आहे. पण ज्यांना रान दाखविले ते आगगाडीने, त्यांनीच आगगाडी बंद ठेवण्यासाठी निवेदन लिहावे, यातील विसंगती आम्हांस टोचल्यावाचून राहिली नाही. इकडे शकुंतलाही थांबली. आधी यवतमाळची, मग अचलपूरची. तिला वाघाने अडविले नव्हते.

आणि चालण्याचे काय झाले? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात शिरण्यास परवाना मागतो, आणि तो मागणे रास्त आहे. पण वर्षागणिक परवाना अधिक दाट आणि पाऊलवाट अधिक विरळ होत गेली. आज मेळघाटाच्या गाभ्यात जायचे ते उघड्या जीपमधून, नेमलेल्या रस्त्याने, मार्गदर्शकासह, ठराविक वेळी. पायी हिंडणाऱ्या मंडळांनी रान वाचविण्यासाठी जे जे मागितले त्यातील बरेच मिळाले, आणि त्यामुळे तिथे पायी हिंडणे संपले. याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे गेले ते रविवार. ज्यांच्या पायांनी त्या वाटा पडल्या त्यांचे काय गेले, याचा हिशेब निराळा.

तेव्हापासून आम्ही दक्षिणेकडे वळलो आहोत. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य मूर्तिजापूरहून जवळ. २००० साली घोषित झालेले, सव्वाअठरा चौरस किलोमीटरचे गवताळ रान. इथे दरी नाही, घाट नाही, छायाचित्रात भव्य दिसेल असे काही नाही. पूर्वी आम्ही याला माळ म्हणून हिणवीत असू. गवत हेही जंगल असते हे कळायला आम्हांस पंचवीस वर्षे लागली. कुंपण नसलेल्या या तुकड्यातून काळवीट आणि रोही रात्री शेतात उतरतात, हरभऱ्याचे शेंडे खातात, आणि बांधावर शेतकरी जागल करीत बसलेला असतो. हातात बॅटरी, जवळ एक रिकामा डबा, पायाशी शेकोटी. पेरणीपासून काढणीपर्यंत, रोज.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातील दोघांनी अशा एका शेतात मालकाबरोबर रात्र काढली. मचाण आमच्या बुद्धपौर्णिमेच्या मचाणासारखेच होते, चार बल्ल्या आणि वर तुराट्यांचे छप्पर. आमच्या वहीत सवयीप्रमाणे वेळ आणि प्राण्यांची संख्या लिहिली जात होती. पहाटे तीनच्या सुमारास चौदा काळवीट आले. मालकाने डबा वाजविला, ते दोन शेते पलीकडे गेले, तिथला डबा वाजला, मग त्यापलीकडचा. असे डबे वाजत वाजत आवाज लांब गेला. वहीत डोकावून त्याने विचारले, ''हे लिवून कोनाले देता?'' वनखात्याला, आम्ही म्हणालो. ''मंग माह्या हरबऱ्याचंबी लिवा त्यात,'' तो म्हणाला आणि चहाचे भांडे शेकोटीवर ठेवले.

त्या वहीत आता दोन रकाने आहेत. पहिल्यात प्राणी, दुसऱ्यात पीक, क्षेत्र आणि अंदाजे नुकसान. दुसरा रकाना भरणे अधिक कठीण जाते. त्यासाठी दिवसा पुन्हा शेतात जावे लागते, आणि अर्थातच पायी.